लोकसंख्या मोठी म्हणजे गर्दी मोठी?
क्रीडा व्यवस्थापनाच्या संगणकीय खेळांतील प्रेक्षकसंख्येचे गणित

रोहिणखेड (जि. बुलढाणा) : संघाची मालकी वा व्यवस्थापन हाती घेऊन खेळाडूंची खरेदी, तिकिटांचे दर आणि मैदानाची डागडुजी पाहण्याचे संगणकीय खेळ आता मोबाइलवरही खेळता येतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या काही हजार वस्तीच्या गावाचा संघ अशा खेळात उतरविला, तर त्याला प्रेक्षक मिळतील काय? याचे उत्तर त्या त्या खेळाच्या सूत्रावर अवलंबून असते.

सूत्र काय सांगते?

'बास्केटबॉल जीएम' या खेळात प्रेक्षकसंख्या शहराची लोकसंख्या, संघाची लोकप्रियता, तिकिटाचा दर आणि सुविधांचा दर्जा यांवर ठरते. लोकप्रियता विजयांनी वाढते आणि पराभवांनी घटते. लोकसंख्या मात्र संघाच्या हाती नसते. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या खेळात बाजारपेठेचा आकार, चाहत्यांची उत्सुकता आणि त्यांची निष्ठा असे तीन निकष वेगवेगळे ठेवले आहेत. निष्ठा अधिक असल्यास पराभवाच्या काळातही गर्दी लवकर ओसरत नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या 'हॅटट्रिक' या फुटबॉलच्या खेळात तर शहराच्या लोकसंख्येला स्थानच नाही. तेथे चाहत्यांची संख्या व मनःस्थिती आणि सामन्याच्या दिवशीचे हवामान निर्णायक ठरते.

प्रत्यक्षातील चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, तर कोल्हापूर शहराची सुमारे साडेपाच लाख होती. तरीही मुंबई सिटी एफसी या व्यावसायिक संघाचे अंधेरीतील मैदान दहा हजारांहून कमी आसनांचे आहे. उलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या स्थानिक संघांचे सामने पाहण्यास शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी लोटते. तेथे संघ हा पेठेचा मानबिंदू असतो.

उदाहरणादाखल हिशेब करू. साडेपाच लाखांतील दर शंभरांमागे दोघे आले, तर अकरा हजार प्रेक्षक होतात. सव्वा कोटीतून तेवढीच गर्दी जमण्यास हजारी एकही माणूस लागत नाही. मात्र तेवढाही ओढा नसेल, तर महानगरातील मैदान रिकामेच राहते.

अमेरिकेतील ग्रीन बे शहराची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे १ लाख ७ हजार होती. तेथील 'पॅकर्स' संघाच्या लॅम्बो फील्ड मैदानाची क्षमता मात्र ८१ हजारांवर आहे. हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीच्या या संघाचे चाहते विस्कॉन्सिन राज्यभर पसरले आहेत. आपल्याकडील जत्रेतील कुस्तीच्या दंगलीसही केवळ गाव नव्हे, तर पंचक्रोशी लोटते. शहराची हद्द आणि संघाची हद्द एकच नसते, हे साधे सूत्र शहराच्या आकड्यावरच विसंबलेल्या खेळांत निसटते.

लहान शहराचा संघ चालविताना

असा संघ घेणाऱ्याने तिकिटाचे दर माफक ठेवावेत, सुविधांवर सातत्याने खर्च करावा आणि मागणी वाढण्यापूर्वी मैदान वाढविण्याची घाई करू नये. लोकसंख्या ही गर्दीची कमाल मर्यादा सुचविते. ती गाठणे आपुलकीवर अवलंबून असते. संघ कोणत्या शहरास द्यावा आणि मैदान कोठे बांधावे, हे प्रत्यक्षात ठरविताना केवळ जनगणनेचा तक्ता पाहिला, तर कोल्हापूरसारखी गावे यादीत नेहमीच खाली राहतील.