ग्वायूलचे बी आणि युद्धकाळातील रबर

रबर म्हटले की ब्राझीलमधून मलायात गेलेला हेविया वृक्ष आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु १९१० च्या सुमारास जगातील रबराचा जवळजवळ दहावा हिस्सा एका खुरट्या, रुपेरी-राखी पानांच्या झुडपापासून मिळत होता. उत्तर मेक्सिकोतील चिवावा वाळवंटात आणि टेक्ससच्या लगतच्या भागात वाढणारे हे झुडूप म्हणजे ग्वायूल. आसा ग्रे याने १८५९ साली त्याचे पार्थेनियम अर्जेन्टाटम असे नामकरण केले. लौकिक नाव मात्र अधिक बोलके आहे. नाहुआत्ल भाषेतील वृक्षवाचक ‘क्वावित्ल’ व रबरवाचक ‘ओल्ली’ या शब्दांचा संयोग स्पॅनिश मुखातून येऊन ‘ग्वायूल’ झाला. इंग्रजी ‘रबर’ हा शब्द खोडण्याच्या क्रियेवरून पडला आहे. आपल्या ‘खोडरबर’ या शब्दात ती क्रिया दोनदा आली, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

ग्वायूलचे रबर चिकाप्रमाणे वाहत नाही. ते खोडाच्या व मुळांच्या सालीतील पेशींत साठते, आणि म्हणून झुडूप समूळ उपटून भरडावे लागते. उरलेल्या मुळांतून कोठे कोठे नवे फुटवे येतात. त्यांना तेथील लोक ‘रेतोन्यो’ म्हणत. फ्रान्सिस लॉइड याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची चर्चा आहे. परंतु कारखान्यांची भूक त्यावर भागण्यासारखी नव्हती. रानातील झुडपे विरळ होऊ लागली तेव्हा लागवडीचा, म्हणजेच बियांचा, प्रश्न उभा राहिला.

हे बी एक ग्रॅममध्ये हजारभर मावेल इतके बारीक असते. प्रत्येक पुष्पगुच्छात पाचच फळे धरतात. प्रत्येक फळाला दोन वांझ पुष्पके व एक छद चिकटलेले असते, आणि कित्येक फळे आतून पोकळ निघतात. ताजे बी पेरले तर बहुधा उगवत नाही. उगवलेले रोप इतके नाजूक असते की मातीचा वरचा थर वाळला की ते मरते. म्हणून रानात नवी रोपे टिकतात ती चांगल्या पावसाच्या वर्षीच. आपल्याकडील गाजरगवत हे याच प्रजातीतील, १९५५ साली पुण्यात नोंदले गेलेले. त्याचे बी कोठेही पडले तरी रुजते. एकाच कुळातील या दोन भावंडांच्या स्वभावातील अंतर कोणाही शेतकऱ्याच्या ध्यानात येईल.

इंटरकॉन्टिनेन्टल रबर कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम मॅक्‌कॅलम याने मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत काही बी अमेरिकेत आणले. ते तंबाखूच्या डब्यातून आणले, असे सांगतात. बी पाण्यात भिजवून मग हायपोक्लोराइटच्या द्रावात ठेवल्यास अंकुरण सुधारते, हे ज्ञान त्याच्या प्रयोगांतून आले. १९३० साली मेजर आयझेनहॉवर व त्याचा एक सहकारी यांनी युद्धखात्याला ग्वायूलच्या लागवडीस उत्तेजन देण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

पुढे फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि आग्नेय आशियातील रबर अमेरिकेला दुर्लभ झाले. ५ मार्च रोजी कायदा होऊन सरकारने कंपनीची मालमत्ता व सुमारे २३,००० पौंड बी विकत घेतले. कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे अफाट रोपवाटिका उभारल्या गेल्या आणि एकंदर सुमारे ३२,००० एकरांत लागवड झाली. युद्धाला रबर त्याच क्षणी हवे होते. झुडपाला मात्र कापणीस येण्यापूर्वी चार-पाच वर्षे लागत. माझ्या मते योजनेच्या अपयशाचे मूळ प्रशासनाच्या गोंधळापेक्षा या विसंगतीत शोधले पाहिजे.

त्याच वर्षी सॅलिनासच्या रोडिओ मैदानावर जपानी वंशाच्या नागरिकांना स्थानबद्ध करून पुढे छावण्यांत धाडण्यात आले. कॅलिफोर्नियातच मान्झानार येथील छावणीत रॉबर्ट एमर्सन या प्राध्यापकाच्या पुढाकाराने स्थानबद्धांनी ग्वायूलवर संशोधन आरंभले. त्यांना मिळाली ती सॅलिनासच्या रोपवाटिकेतून निरुपयोगी म्हणून वगळलेली रोपे. शिमपे निशिमुरा, वॉल्टर वातानाबे आदींनी लाकडी पट्ट्यांच्या सावलीगृहांत ती जगविली. एवढेच नव्हे, तर बियांची वाट न पाहता फाट्यांना मुळे फुटविण्याची युक्ती साधली. ज्यांच्या निष्ठेविषयी सरकारला शंका होती, त्यांनीच सरकारची सर्वांत निकडीची अडचण अत्यल्प खर्चात सोडविण्याचा मार्ग दाखविला. त्याला मोठ्या योजनेत मानाचे स्थान कधीच मिळाले नाही.

१९४५ साली पॉवर्स व रोलिन्स यांनी ग्वायूलमध्ये फलनावाचूनही बी धरते हे दाखवून दिले. उत्तम झुडपाचे गुण बियांतून जसेच्या तसे पुढे नेणे त्यामुळे शक्य दिसू लागले. पण तोवर पेट्रोलियमपासून कृत्रिम रबर विपुल होऊ लागले होते. १९४६ साली योजना गुंडाळण्यात आली. शेतांतील झुडपे नांगरून वा जाळून टाकली गेली. ताज्या बियांत भ्रूणाची सुप्तावस्था सुमारे दोन महिने आणि आतील बीजावरणामुळे येणारी सुप्तावस्था सहा ते बारा महिने टिकते, हे सांगणारे बेनेडिक्ट व रॉबिन्सन यांचे संशोधन त्याच वर्षी छापून आले.