दिवसाउजेडीचा प्रयोग : शाळेची रांग, रंगमंच आणि वर्धा

मराठी रंगभूमीने लहान मुलाला रंगमंचावर फार लवकर घेतले, पण प्रेक्षागृहात खुर्ची द्यायला तिने शंभराहून अधिक वर्षे लावली. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीला १८४३ साली झाले. केवळ मुलांसाठी, त्यांच्या वेळेला, मोठ्या नटांनी नीट बसवलेले नाटक सातत्याने होऊ लागले ते १९५९ नंतर, म्हणजे मध्ये ११६ वर्षे गेली. या काळात मुले नाटकात नव्हती असे नाही. दामूअण्णा जोशांच्या 'बालमोहन' नाटक मंडळीचे तर नावच मुलांवरून पडले होते. सौदागर गोरे, पुढचे छोटा गंधर्व, याच मंडळीत वाढले. अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली रंगभूमीवर आणले ते याच मंडळीने. पण समोर बसलेला प्रेक्षक प्रौढ होता. मुलांनी गावे, मोठ्यांनी 'वन्समोअर' द्यावा, असा तो व्यवहार होता.

याचे एक कारण अगदी साधे, घड्याळातले आहे. संगीत नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होई आणि रंगले तर पहाटेच्या कोंबड्यापर्यंत चाले. वऱ्हाड-नागपूरचा दौरा म्हणजे नाटक मंडळ्यांना कपाशीच्या पैशाचा दौरा. पण सरकी निघाली, गाड्या रिकाम्या झाल्या, हातात पैसा आला की नाटक पाहायला जाणारा माणूस कर्ता पुरुष असे. शाळकरी पोर त्याच्याबरोबर गेलेच तर पहिल्या अंकाला पेंगे. शाळेने मुलांना रांगेत नेऊन दाखवावे असे ते प्रकरणच नव्हते. उलट नाटकाला जाणारा विद्यार्थी हा शाळेच्या लेखी वाया गेलेला विद्यार्थी होता.

आणि तरीही एका शाळकरी पोराने पाहिलेले नाटक वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात फार लांबून येऊन पोचले आहे. राजकोटला शिकत असताना मोहनदास गांधी या मुलाने वडिलांची परवानगी काढून एका नाटक मंडळीचा 'हरिश्चंद्र' पाहिला. ते नाटक पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटे, पण परवानगी तरी किती वेळा मागणार? म्हणून मनातल्या मनात आपणच हरिश्चंद्र होऊन ते असंख्य वेळा केले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्याच प्रकरणात काचेवरची चित्रे दाखवत फिरणाऱ्या खेळवाल्यांचा उल्लेख आहे. आईवडिलांना कावडीतून नेणारा श्रावण त्यांना तिथे दिसला. सत्य आणि सेवा या दोन गोष्टींचा पहिला संस्कार कशाने झाला, या प्रश्नाला गांधींचे स्वतःचे उत्तर पाहिले तर एक नाटक आणि एक फिरता खेळ असे निघते. दोन्ही ठिकाणी ते प्रेक्षक होते.

आता १९३७ च्या वर्ध्याकडे येऊ. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ आणि २३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हेच विद्यालय पुढे नवभारत विद्यालय झाले. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला आणि 'वर्धा योजना' हे नाव देशभर झाले. या अहवालातले वेळापत्रक मोठे बोलके आहे. रोजचा शाळेचा वेळ साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई-विणकाम किंवा शेतीला. मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला मिळून ३०, व्यायामाला १०, मधल्या सुट्टीला १०. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून ४० मिनिटे! वर्षाचे कामाचे दिवस २८८. टीकाकारांनी तेव्हा मुलांना कामगार करण्याची ही योजना आहे असा आरोप केला. तो मला अन्यायाचा वाटतो. पण गाणे आणि त्रैराशिक यांना एकाच चाळीस मिनिटांच्या खोलीत कोंबणाऱ्या समितीला कलेची फार काळजी होती, असेही म्हणवत नाही.

गंमत अशी, की कागदावर कोरडी असलेली ही योजना सेवाग्रामला प्रत्यक्षात उतरली तेव्हा तिच्यात रंग आला, आणि तो बंगालमधून आला. हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम पाहणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले. ऋतूंचे उत्सव, त्यासाठी मुलांनीच बसवलेली नाटके, झाडाखाली किंवा व्हरांड्यात होणारे प्रयोग, हे रवींद्रनाथांच्या शाळेचे रोजचे जीवन होते. 'शारदोत्सव' १९०८ सालीच तिथल्या मुलांसाठी लिहिले गेले. 'डाकघर' १९१२ चे. कलकत्ता काँग्रेसच्या वेळी, १९१७ च्या अखेरीस, जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात 'डाकघर'चा प्रयोग झाला. त्याला गांधी होते आणि लोकमान्य टिळकही होते. खिडकीशी बसून बाहेरच्या जगाची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाचे ते नाटक. (हेच नाटक जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून करवून घेतले. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि कोर्चाक मृत्युछावणीकडे नेले गेले.)

१९४४ मध्ये शांतिनिकेतनचेच एक विद्यार्थी, नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद, सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. त्यांनी आपल्या अनुभवांवर हिंदीत पुस्तक लिहिले त्याचे नावच 'शिक्षा का वाहन : कला'. मूल शिकते ते करण्यातून, हा नई तालीमचा गाभा त्यांनी कलेला लावला. मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसते, त्याचे स्वतःचे बोलणे असते, ही त्यांची भूमिका. त्यातून एक गोष्ट ठरून गेली. वर्ध्याच्या परंपरेत मूल कर्ते झाले. त्याने कातावे, रंगवावे, गावे, नाटकही करावे. तिकीट काढून, हाताची घडी घालून दुसऱ्याचे नाटक पाहावे, ही कल्पना त्या शिक्षणविचाराला परकीच राहिली.

इथे माझा मतभेद आहे. चरखा कातणाऱ्याला उत्तम सूत कसे असते ते दाखवावे लागते. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला उघडले ते याचसाठी: ग्रामोद्योगातले उत्तम ते एका जागी लोकांना पाहता यावे म्हणून. मग अभिनयातले, गाण्यातले उत्तम ते मुलांनी कुठे पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर वर्ध्यात दिले गेले नाही. ते साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर, मुंबईत दिले गेले.

सुधा करमरकर अमेरिकेत जाऊन तिथली बालरंगभूमी पाहून-अभ्यासून आल्या होत्या. १९५९ मध्ये त्यांनी 'लिटल थिएटर' ही बालरंगभूमी सुरू केली आणि तिचे पहिले नाटक 'मधुमंजिरी' लिहिले विशीतल्या रत्नाकर मतकरींनी. त्यातली चेटकीण करमरकर स्वतः करीत. मुलांच्या नाटकात मोठ्या, कसलेल्या नटांनी कामे करायची आणि नेपथ्य, प्रकाश, चमत्कृती यांत काटकसर करायची नाही, हा त्यांचा आग्रह. मतकरींनी १९६२ मध्ये प्रतिभा मतकरींसह स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही तिथली नाटके. त्यांचे धोरण थोडे निराळे: देखाव्याचा खर्च कमी, कल्पनेवर भार जास्त आणि तिकीट परवडणारे. या दोन वाटांचा वाद आजही मिटलेला नाही.

हे सारे शक्य झाले ते नाट्यगृहाच्या रिकाम्या सकाळीमुळे. व्यावसायिक नाटकाला हवी ती दुपारची किंवा रात्रीची वेळ. सकाळी दहा-साडेदहाचा प्रयोग मागणारे कमी, म्हणून ती वेळ मुलांच्या वाट्याला आली. 'मॅटिनी' या शब्दाचे मूळ फ्रेंचमधल्या सकाळीत आहे. जगभर तो दुपारच्या खेळाला चिकटला. आपल्याकडे बालनाट्याने नकळत त्याला मूळ अर्थ परत दिला. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी हा हंगाम ठरला. २०१८ मध्ये 'अलबत्या गलबत्या' नव्याने आले आणि १५ ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात त्याचे एका दिवसात पाच प्रयोग झाले, तेव्हा मागणी किती साठून राहिली होती ते दिसले.

मात्र यात एक गोम आहे. सुट्टीतला प्रयोग हा आईबापांनी नेलेल्या मुलांचा प्रयोग असतो. ज्याचे आईबाप नेणार नाहीत त्याला फक्त शाळाच नेऊ शकते. मॉस्कोला नतालिया सात्स यांनी १९२१ मध्ये मुलांचे नाट्यगृह उभे केले ते याच जाणिवेने. १९३६ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून प्रोकोफिएव्हने 'पीटर आणि लांडगा' ही वाद्यवृंदाची गोष्ट रचली आणि वाद्यांची ओळख करून देण्यासाठी ती आजही शाळकरी मुलांना ऐकवली जाते. आपल्याकडे शाळेची रांग बाहेर पडली ती बहुधा चित्रपटगृहाकडे. 'श्यामची आई' (१९५३) पाहायला वर्गच्या वर्ग गेले. नाटकाकडे रांग वळली ती मुख्यतः मुंबई-पुण्यात.

वर्ध्याच्या मुलासाठी सहल म्हणजे काय? डिसेंबर-जानेवारीतली एस.टी. शैक्षणिक सहलीला महामंडळ भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून लाल गाडी परवडते. वर्धा जिल्हा तर स्वतःच सहलीचे ठिकाण आहे. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारचा आश्रम, मगन संग्रहालय, बोरचे जंगल. राज्यभरातल्या शाळा इथे उतरतात, चपला बाहेर काढून कुटीत शिरतात आणि पाच मिनिटांत बाहेर येतात. बैठक, कंदील, चरखा: सगळ्या मूक वस्तू. संध्याकाळच्या सर्वधर्म प्रार्थनेपर्यंत थांबणारी शाळा भाग्याची, कारण त्या आवारात जिवंत, सादर होणारे जे काही उरले आहे ते तेवढेच. आर्वी-आष्टीच्या मुलांना सुसज्ज नाट्यगृहात नाटक दाखवायचे तर नागपूर गाठावे लागते. वर्ध्यापासूनच ते सुमारे ७५ किलोमीटर. दहाचा प्रयोग धरायचा तर आष्टीच्या मुलांनी अंधारात उठायचे. मुख्याध्यापकाने संमतिपत्रे गोळा करायची, जोखीम अंगावर घ्यायची, आणि इतके करून नाटक म्हणजे 'अभ्यासक्रमाबाहेरचे'. तो किल्ला किंवा धरण निवडतो यात नवल नाही.

पण विदर्भाला दिवसाउजेडीचा खेळ नवा नाही, हे विसरून चालणार नाही. आपल्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. तिथे दंडार आणि खडीगंमत भर दुपारी, बाजाराच्या गर्दीत, पोरासोरांसमोर चालते. झाडीपट्टीचे मोठे नाटक रात्रीचे, पण मंडई दिवसाची. आणि खुद्द वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा आहे. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत, सोंगे घेऊन मुले निघतात. सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर दुरून लोक पाहायला येतात असा. इथे मूल कर्ताही असते आणि प्रेक्षकही. देवीप्रसाद आणि सुधा करमरकर यांच्यातला वाद त्या एका दुपारी शिल्लक राहत नाही. लोकपरंपरेने सोडवलेले हे गणित आमच्या शाळांनी मात्र स्नेहसंमेलनात हरवले: वर्षातून एकदा, लावलेल्या ध्वनिफितीवर, मोबाइल उंचावलेल्या पालकांसमोर.

दुसरा एक धडा परदेशातून आला आहे आणि तो आपल्या अंतरांना अधिक मानवतो. १९६५ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड नाट्यगृहाने नटांचे एक पथक थेट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. मुलांची बस नाट्यगृहाकडे आणण्याऐवजी नाटकच बसमधून मुलांकडे न्यायचे. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीने राक्षस-पऱ्या सोडून मुलांच्या घरातले, शाळेतले प्रश्न धरले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ग्रिप्सची चळवळ आली. श्रीरंग गोडबोल्यांसारख्यांनी तिला मराठी केले. 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे तिच्या सुरुवातीच्या नाटकांतले. मोठे नट मुलांच्या भूमिका करतात, नेपथ्य बेताचे, गाणी भरपूर. असे नाटक शाळेच्या सभागृहात, नाहीतर पत्र्याच्या शेडमध्येही उभे राहते. फिरतीला एवढेच लागते.

वर्ध्याकडे यासाठी लागणारी माणसे नाहीत असे म्हणता येत नाही. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्याचे शिक्षण मिळते. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा या शतकात पुन्हा सुरू झाली आहे. साहित्य संमेलन या गावाने दोनदा भरवून दाखवले, १९६९ ला आणि २०२३ ला. मांडव घालणे, पाहुणे उतरवणे, गर्दी सांभाळणे याचा सराव गावाला आहे. नाही ती एकच गोष्ट: शाळेच्या २८८ दिवसांपैकी एक दिवस. सहलीला एका शाळेची एक गाडी लागते. तेवढ्याच डिझेलमध्ये सहा-सात नट, एक हार्मोनियम आणि ढोलकी एका जीपमधून सकाळी गिरडला, दुपारी समुद्रपूरला आणि संध्याकाळी हिंगणघाटला पोचू शकतात.