भाजावळीचा धूर आणि मातीचे परीक्षक

मालवणच्या किनाऱ्यावरून आंत निघालें म्हणजे जमिनीचीं तीन रूपें एकामागून एक दृष्टीस पडतात. खाडीलगत खारट खाजण, त्यामागें भाताचे सखल मळे, आणि त्यांच्या माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा. येथील माती पातळ. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें शंभर इंच पाऊस कोसळतो आणि तिचा कस धुऊन समुद्राकडे नेतो. अशा भूमींत पिढ्यान् पिढ्या भात पिकत आलें, तें कसें?

याचें एक उत्तर उन्हाळ्यांत डोंगरउतारावर धुराच्या रूपानें दिसे. शेतकरी ऐन-किंजळीची कवळ तोडी, ती पातेरा व शेण यांसह तरव्याच्या वाफ्यावर पसरी, वर मातीचा थर देई आणि पेटवी. उत्तरेकडे यास राब म्हणतात, दक्षिण कोंकणांत भाजावळ.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर या धुरावर वाद पेटला. जंगलखात्यास त्यांत झाडांचा नाश दिसे, रयतेस आपल्या भाताचा जीव. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं, सरकारास १८८५ सालीं मुंबई जंगल कमिशन नेमावें लागलें. मालवण तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत मोडे. तेथें सरकारी जंगल फारच थोडें. कवळ येई ती बहुतांशीं खासगी डोंगरांतून. तेथें भांडण कायद्याशीं नव्हतें. डोंगर किती काळ पुरेल, हाच प्रश्न होता.

१८८९ सालीं इंग्लंडांतून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनीं देशभर हिंडून १८९३ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी शेतकऱ्यास अडाणी समजणें चूक आहे, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह राबाचा रसायनदृष्ट्या अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. भाजण्यानें मातींतील तणाचें बीं व कीड मरते, राखेंतून क्षार मिळतात, आणि उष्णतेनें मातींत अडकून पडलेलीं अन्नद्रव्यें रोपास घेतां येतात. जी गोष्ट खेडवळ समजूत म्हणून हिणविली जाई, तिच्यामागें असें कारण होतें. परंतु एका वाफ्याच्या पोषणासाठीं कितीतरी मोठा उतार उघडा पडे, हेंही तितकेंच खरें.

या उघड्या उतारांवर काय उभें करावें? पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आणलेला काजू तेथें रुजलाच होता. १९५७ सालीं वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र निघालें. तेथील संशोधकांनीं उत्तम झाड शोधण्यास दूर न जातां शेजारचीं गांवें धुंडाळलीं. १९८१ मध्यें प्रसारित झालेल्या ‘वेंगुर्ला-४’ या जातीच्या कुळींत एका बाजूस बंगालचें ‘मिदनापूर रेड’ आहे, तर दुसऱ्या बाजूस वेतोरें गांवच्या नांवाचें ‘वेतोरें-५६’. त्याच वर्षीं १ मे रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेनें उतारांवर आंबा-काजूच्या रांगा पसरल्या. परंतु बागेसाठीं मूळचें रान तोडलें, तर तेथील ऐन-किंजळ, कवळ आणि पाखरांचा आसरा एकदमच जातो.

२०१० सालीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटाची तज्ज्ञसमिति नेमली गेली. सिंधुदुर्गांतील २५ गांवांच्या ग्रामसभांनीं आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावा, असे ठराव केले. २०११ च्या अहवालांत समितीनें असे निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावेत, अशी शिफारस केली. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीनें २०१३ सालीं घाटाचें सुमारें ३७ टक्केच क्षेत्र संवेदनशील धरलें.

सव्वाशें वर्षांत अभ्यासकांचा मार्ग असा बदलत गेला. प्रथम रयतेवर संशय आला, मग मातीची परीक्षा झाली, आणि शेवटीं गांवास प्रश्न विचारण्यांत आला. मातीचें उत्तर प्रयोगशाळेंत मिळालें. गांवाचें उत्तर ठरावांत लिहिलेलें आहे. तें वाचून त्याप्रमाणें वागण्याचें काम मात्र अभ्यासकांचें नव्हे, राज्यकर्त्यांचें आहे.