कंप जातो कुठे? नॉर्टन कमांडोच्या इंजिनाची गोष्ट

१/
१९६७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ‘नॉर्टन कमांडो’ ही मोटारसायकल मांडली गेली. इंजिन जुन्याच घराण्यातले होते, तरी गाडी वेगात असताना त्याचा कुप्रसिद्ध कंप स्वाराच्या हाताला जवळजवळ जाणवत नसे. पाच वर्षांनी याच इंजिनाची बेअरिंगे निकामी होऊ लागली. या दोन घटनांना जोडणारा दुवा क्रँकशाफ्टमध्ये आहे.

२/
इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि क्रँकशाफ्ट त्या धावेचे फिरण्यात रूपांतर करतो. स्फोट थांबून थांबून होतात. दोन स्फोटांमधला काळ जड फ्लायव्हील आपल्या साठवलेल्या गतीवर पार पाडते. फिरणाऱ्या या वजनाबाबत कारागिराला दोन निरनिराळी कामे करावी लागतात. एक, ते सरळ करणे. दुसरे, त्याचा तोल साधणे.

३/
पहिले काम सायकलच्या दुकानात चाकाचा ‘आउट’ काढतात त्याच जातीचे आहे. बुलेटसारख्या एकसिलिंडर इंजिनात दोन फ्लायव्हीले एका क्रँकपिनने जोडलेली असतात. बिगेंड बेअरिंग बदलताना ही जोडणी सुटी करून पुन्हा बसवावी लागते आणि तेव्हा दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत येतीलच असे नाही.

४/
मग ही जोडणी दोन टोकांच्या आधारावर फिरवतात, शाफ्टवर डायल गेज टेकवतात आणि काटा जिथे सर्वाधिक सरकतो तिथे खूण करून तांब्याच्या हातोडीने फ्लायव्हीलच्या कडेवर घाव घालतात. पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. काट्याची हालचाल मिलिमीटरच्या काही शतांशांवर येईपर्यंत हे चालते. काम चिकाटीचे आहे, पण ते पूर्ण होते.

५/
तोलाचे काम मात्र तसे पूर्ण होत नाही. फिरणाऱ्या वजनासमोर तेवढेच वजन ठेवता येते. पिस्टन फिरत नाही. तो वर-खाली जातो. त्याच्या पूर्ण वजनाइतके प्रतिवजन क्रँकवर ठेवले, तर वर-खाली ओढ बव्हंशी मिटते. परंतु क्रँक पाव फेरा फिरताच ते प्रतिवजनच इंजिनाला पुढे-मागे खेचू लागते. ओढ नाहीशी होत नाही, दिशा बदलते.

६/
म्हणून अभियंते पिस्टनच्या वजनाचा काही हिस्साच तोलतात. या हिश्श्याला ‘बॅलन्स फॅक्टर’ म्हणतात. साधारणतः तो ५० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या सांगाड्यावर आणि नेहमीच्या वेगावर अवलंबून असतो. फ्लायव्हीलला भोके पाडून किंवा वजन जोडून तो साधला जातो. थोडक्यात, हा कंपाशी केलेला तह आहे.

७/
तह कोणाशी आहे, हे एका हिशेबावरून कळेल. पिस्टन व त्याच्यासोबत वर-खाली होणारे भाग मिळून अर्धा किलो धरले आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर धरली, तर मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ही ओढ ६०० किलोच्या वजनाएवढी होते. ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५,००० च्या ७,००० फेऱ्या झाल्या, की ओढ जवळजवळ दुप्पट!

८/
यावर उपाय नव्हते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने आपल्या मोटारीत विरुद्ध दिशांना फिरणारे दोन क्रँकशाफ्ट वापरले होते. १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर-३२ मध्ये समोरासमोर आडवे धावणारे दोन पिस्टन एकमेकांची ओढ खोडून काढत. पण पहिल्या उपायात गुंतागुंत व खर्च अधिक, आणि दुसऱ्यात इंजिन रुंद.

९/
१९३७ साली एडवर्ड टर्नरने ट्रायम्फसाठी ‘स्पीड ट्विन’ सिद्ध केली. ४९८ सीसी, शेजारी-शेजारी उभे दोन सिलिंडर. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत आणि इंजिन आटोपशीर राही. मात्र तोलाच्या दृष्टीने दोन पिस्टन म्हणजे एकच पिस्टन. सिलिंडर दोन झाले, दोष एकाचाच राहिला.

१०/
५०० सीसीत हा दोष सहन होण्याजोगा होता आणि गाडी अतिशय लोकप्रिय झाली. इतर ब्रिटिश कारखान्यांनीही हीच वाट धरली. नॉर्टनची ४९७ सीसीची ‘डॉमिनेटर’ बर्ट हॉपवुडने रचली. पुढे अमेरिकी ग्राहक मोठे इंजिन मागू लागला. नवे इंजिन घडवण्याऐवजी जुनेच वाढवले गेले. १९६२ च्या ‘अ‍ॅटलस’पर्यंत ते ७४५ सीसीचे झाले. पिस्टन जड झाले, कंप वाढला. दिव्यांचे बल्ब जात, नटबोल्ट सैल होत, स्वारांचे हात बधिर होत.

११/
१९६६ मध्ये नॉर्टनची मालक कंपनी कोसळली. नव्या मालकांना बाजारात त्वरित काहीतरी आणणे भाग होते. श्टेफान बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी कंपाला हात न लावता त्याची वाट अडवली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक धरणारा स्विंगआर्म हे सारे एकत्र बांधून रबरांच्या आधारे सांगाड्यावर टांगले. इंजिन आत थरथरत राही आणि स्वार निवांत बसे. या रचनेचे नाव ‘आयसोलॅस्टिक’.

१२/
युक्ती खरोखर उत्तम होती. ‘मोटर सायकल न्यूज’च्या वाचकांनी १९६८ पासून सलग पाच वर्षे कमांडोला वर्षातील सर्वोत्तम गाडी ठरवले. मात्र रबरांच्या बाजूचा सांधा जपावा लागे. फट इंचाच्या दहा हजारांशांच्या आसपास हवी. ती फार कमी झाली तर कंप परत येई. फार वाढली तर वळणावर गाडी डोलू लागे.

१३/
१९७२ साली याच ७४५ सीसीच्या इंजिनाचा अधिक जोरकस ‘कॉम्बॅट’ प्रकार आला. क्रँकशाफ्ट तीन भाग बोल्टांनी जोडून बनवलेला होता आणि त्याला आधार केवळ दोन टोकांच्या बेअरिंगांचा. मध्ये काहीच नाही. वाढत्या फेऱ्यांत तो किंचित वाके. इतके की बेअरिंगमधील रोलरांच्या कडा पोलादात रुतत. बेअरिंगे लवकर निकामी होऊ लागली आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागला.

१४/
येथे ती दोन कामे पुन्हा आठवावीत. क्रँक जोडताना सरळ होता, तोलही ठरल्याप्रमाणे होता. तरी फिरताना ओढीखाली तो सरळ राहत नव्हता. रबराने ती ओढ स्वारापासून दूर ठेवली होती, बेअरिंगापासून नव्हे. पुढे ‘सुपरब्लेंड’ नावाचे, टोकांकडे किंचित निमुळत्या रोलरांचे बेअरिंग बसवून हा दोष आवरण्यात आला.

१५/
दरम्यान १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० विक्रीस आणली. चार पिस्टन, दोन वर जाताना दोन खाली. मुख्य ओढ तिथल्या तिथेच मिटलेली. पण सर्व जपानी प्रयोग सफल झाले असेही नाही. यामाहाच्या टीएक्स ७५० मध्ये कंप मारण्यासाठी खास फिरती प्रतिवजने होती. ती तेल घुसळून त्याचा फेस करीत आणि वंगण कमी पडे. ती गाडी अल्पावधीत मागे घ्यावी लागली.

१६/
फरक पुढच्या पावलात पडला. यामाहाने प्रतिवजनाची कल्पना सोडली नाही. पुढच्या काळात बॅलन्सर शाफ्ट सर्वत्र रूढ झाला. कमांडोचे उत्पादन मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीच थांबले. एका इंजिनाने साऱ्या उद्योगाचा अंत केला असे म्हणणे भाबडे ठरेल. भांडवल, व्यवस्थापन, कामगारसंबंध अशी इतर कारणेही होती. पण १९३७ च्या रचनेवर तीन दशके भागवण्याची किंमत याच क्रँकवर मोजावी लागली.

१७/
या कथेचा एक धागा भारतातही पोचतो. बुलेटच्या एकसिलिंडर इंजिनाने १९५० च्या दशकापासून येथे याच तहावर आयुष्य काढले. २०२० साली ‘मीटिअर’सोबत रॉयल एनफिल्डने नवे ३५० सीसीचे इंजिन आणले, त्यात बॅलन्सर शाफ्ट होता. बुलेटलाही ते २०२३ मध्ये मिळाले.

१८/
लेथवर क्रँक फिरवणाऱ्या कारागिराचा नियम साधा असतो: काटा हलला, तर कारण शोधायचे. कमांडोच्या रबरांनी काटा नजरेआड केला. धातूने मात्र आपला हिशेब चालूच ठेवला होता.