मुखेडकडची गाडी धुण्याची रीत
मुखेड तालुक्यात वाहन धुऊन सजवण्याची रीत मोटारीच्या आधीची आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जुवाने घासून राठ झालेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणे हे मात्र बारमाही काम. खंडेनवमी-दसऱ्याला अवजारांची पूजा होई. त्याच रांगेत पुढे ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि मोटार झेंडूचे हार घालून उभ्या राहिल्या.

निजामाच्या अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, घरची मोटार ही बड्यांची चीज होती. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली, मग हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात मोटार दिसू लागली आणि रविवारी ती चकाकवण्याचा छंदही. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण डबीतून इथवर पोचले.

खरी अडचण पाण्याची. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की बॉनेटवर क्षारांचे पांढरे डाग उरतात, म्हणून गाडी सावलीत धुऊन लगेच कोरडी पुसावी लागते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी पाइप लावून गाडी धुणे अशोभनीयच. अर्धी बादली आणि ओले फडके एवढ्यावरच भागवावे लागते.