नोंदणीकृत परिचारिका आणि आठवड्याचे १६८ तास

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे गाव जागचे कधी हलले नाही. राज्य मात्र त्याने तीन वेळा बदलले. १९४७ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातील आठ जिल्ह्यांबरोबर ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जिल्हाही बदलला: १ मे १९९९ पर्यंत भंडारा, त्यानंतर गोंदिया.

या परिसरात रुग्णसेवेची नोकरी केलेल्या तीन पिढ्यांतील स्त्रियांची प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांवरील शिक्क्यांतून हा सगळा राजकीय इतिहास वाचता येईल. कारण परिचारिकेची नोंदणी प्रांतवार होती आणि सीमा बदलली की वहीही बदलत असे.

आजचा धागा दोन शब्दांविषयी आहे: ‘नोंदणीकृत’ आणि ‘पूर्णवेळ’. आज नोकरीच्या जाहिरातीत हे दोन्ही शब्द एकाच ओळीत छापले जातात. इतिहासात मात्र ते फार वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्यांतील दुसरा अजूनही पुरता पोहोचलेला नाही.

आधी पहिला शब्द. परिचारिकांची देशव्यापी सरकारी नोंदणी करणारा पहिला स्वतंत्र कायदा न्यूझीलंडने १९०१ साली केला. १० जानेवारी १९०२ रोजी एलेन डोहर्टी यांचे नाव त्या वहीत पहिले लिहिले गेले. ब्रिटनमध्ये या प्रश्नावर तीस वर्षे वाद चालला आणि गंमत अशी की नोंदणीला विरोध करणाऱ्यांत खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. चांगल्या परिचारिकेचे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. समोर एथेल गॉर्डन फेनविक होत्या. परीक्षा नाही, वही नाही, तर कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेईल आणि शिकलेलीला शिकल्याचा काहीच लाभ राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९१९ मध्ये ब्रिटनचा कायदा झाला आणि पहिला क्रमांक फेनविकबाईंनाच मिळाला. माझे मत विचाराल तर इतिहासाने या वादात फेनविक यांच्या बाजूने कौल दिला. पण नाइटिंगेल यांची छाया या व्यवसायावर दुसऱ्याच एका मार्गाने टिकून राहिली. तिच्याकडे पुढे येऊ.

आपल्याकडे मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनी चालवलेले. तेथे १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका मानल्या जातात. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. ती ओळ वाचताना १८९१ हे साल डोळ्यांसमोर ठेवावे: याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. बारा वर्षांखालील पत्नीचे रक्षण करावे की नाही यावर सभा गाजत असताना एक मराठी नावाची स्त्री परक्यांच्या अंगाला हात लावण्याचे, रात्री जागण्याचे आणि त्याचे वेतन घेण्याचे शिक्षण घेत होती.

पाच वर्षांनी प्लेग आला. हडपसरच्या परिसरात डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव परिचारिकांच्या कोणत्याही वहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा वहीच नव्हती.

मध्यमवर्गीय हिंदू स्त्रिया, विशेषतः विधवा, या व्यवसायाकडे संघटितपणे वळल्या त्या रमाबाई रानडे यांच्यामुळे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि पुढे तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. यातला अडसर समजून घेण्यासारखा आहे. शाळेत शिकवणे प्रतिष्ठितांना मान्य होऊ लागले होते. शुश्रूषेत मात्र सर्व जातींच्या देहांचा स्पर्श होता, मलमूत्र होते, पुरुष रुग्ण होते आणि रात्रपाळी होती. म्हणून प्रशिक्षणाबरोबरच राहण्याच्या सोयीचा प्रश्न आला. वसतिगृह असेल तरच घरचे मुलीला पाठवणार. हा वसतिगृहाचा मुद्दा लक्षात ठेवा. तासांचा सगळा गुंता त्यातूनच निर्माण झाला आहे.

मग कायदे आले. भारतात पहिला १९२६ साली मद्रासमध्ये. मुंबई प्रांताने परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये केला. त्या पाठोपाठ मध्य प्रांताचा १९३६ चा. भंडारा जिल्हा, म्हणजे दवनीवाडाही, या तिसऱ्या कायद्याखाली येत होता. त्याआधी प्रत्येक रुग्णालयाचे प्रमाणपत्र निराळे. मध्य भारतातील मिशन रुग्णालयांनी आपसांत परीक्षा मंडळ उभारून काही एकसारखेपणा आणला होता, पण त्यामागे राज्याचे बळ नव्हते. कायद्याने ते दिले: ठरावीक मुदतीचे शिक्षण, ठरावीक परीक्षा, वहीत नाव आणि गैरवर्तन झाल्यास ते नाव खोडण्याचा अधिकार.

कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जी क्वचितच सांगितली जाते. त्याने रेषा ओढली. शिकलेली सुईण रेषेच्या आत आली. झाडीपट्टीतील गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणारी सुईण रेषेबाहेर राहिली. काम तेच, पण एकीला कायद्याने नाव दिले आणि दुसरीला दिले नाही.

प्रांतवार वह्यांची अडचण उघड होती. नागपूरची नोंदणी मुंबईत चालेलच असे नाही. म्हणून ३१ डिसेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर साडेचार महिन्यांत, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. देशभर शिक्षणाचा दर्जा एक असावा, एका प्रांतातील पात्रता दुसऱ्याने मानावी, हा त्याचा हेतू. नोंदवह्या मात्र राज्यांकडेच राहिल्या.

आता १९५६ कडे परत या. तोवर बालाघाट आणि भंडारा हे एकाच प्रांतातले शेजारी जिल्हे होते, मध्ये वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ. १ नोव्हेंबरला या नद्यांवर राज्यसीमा आली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. अलीकडे विदर्भात जुना मध्य प्रांताचा कायदा, पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा वारसा, असा तिपेडी कारभार दहा वर्षे चालला. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने तो एक केला आणि गोंदियाच्या परिचारिकेची वही मुंबईत गेली. आजही बालाघाटकडे नोंदणी झालेल्या परिचारिकेला गोंदियात नोकरी करायची तर एका परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे नव्याने नाव घालावे लागते. माहेर आणि सासर यांच्यामध्ये नदी असणाऱ्या या पट्ट्यात ही केवळ कागदोपत्री बाब राहत नाही.

दुसरा शब्द: पूर्णवेळ.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची अनेक वर्षांची चळवळ होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. रुग्णालय मात्र कारखाना नव्हते. ते उद्योग तरी आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांतील वॉर्ड कर्मचाऱ्यांमुळे. १९६० साली न्यायालयाने रुग्णालयास औद्योगिक विवाद कायद्याखाली उद्योग मानले, १९७० मध्ये वेगळा निर्णय दिला आणि १९७८ मध्ये पुन्हा पहिल्या भूमिकेकडे वळले. तेही वाद मिटवण्याच्या यंत्रणेपुरते. घड्याळाशी त्याचा थेट संबंध नव्हता.

येथे नाइटिंगेल परत येतात. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने सुरू झालेल्या शाळेचा नमुना जगभर गेला: परिचारिका रुग्णालयाच्या आवारात राहील, मेट्रनच्या देखरेखीखाली. आपल्याकडे हा नमुना आणखी घट्ट रुजला, कारण वसतिगृह ही कुटुंबांची अट होती. पण जी आवारातच राहते तिची वेळ मोजायची कशी? बोलावणे आले की ती हजर. तिचे काम नोकरीपेक्षा व्रत म्हणून पाहिले गेले आणि व्रताला तास नसतात.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात याची किंमत आकड्यांत दिसते. ब्रिटिश भारतात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. दहा लाख वस्तीचा एखादा जिल्हा धरा: वाट्याला तेवीस परिचारिका. त्याही बहुतेक शहरांत. समितीने पगार, निवास आणि कामाचे तास या तिन्हींबद्दल कठोर शब्द लिहिले. १९५४ च्या शेट्टी समितीने सेवाशर्ती पुन्हा तपासल्या. १९८७ मध्ये नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने दोन वर्षांनी आठवड्याला ४० तास आणि सलग पाळी यांची शिफारस केली. सलग पाळी म्हणजे सकाळी काही तास, दुपारी घरी आणि सायंकाळी पुन्हा वॉर्डात, असा तुकड्यांचा दिवस नसणे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

ग्रामीण भागात ‘पूर्णवेळ’चा अर्थ आणखी ताणला गेला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर एएनएम ही बहुउद्देशीय आरोग्य सेविका झाली. पुढच्या निकषांनुसार सपाट भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र. देवरी, सालेकसा यांसारख्या तालुक्यांना दुसरा निकष लागू होतो. एएनएमचीही परिषदेत नोंदणी होते. पण उपकेंद्रातच तिचे निवासस्थान, आणि रात्री दोनला दार वाजले तर ती ड्युटीवर आहे की नाही हे कोण ठरवणार?

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रे चोवीस तास चालवण्याचे ठरवले आणि त्यासाठी केंद्रामागे तीन परिचारिकांचे प्रमाण धरले. दवनीवाड्यासारख्या गावातील प्रसूतींसाठी हा मोठाच बदल होता. पण गणित करून पाहा. आठवड्याचे तास १६८. वरदप्पन समितीच्या ४० तासांनी तीन परिचारिका १२० तास भरतात. ४८ तास उरतात. कारखाना कायद्याची ४८ तासांची मर्यादा लावली तरी १४४ च होतात. केंद्रात सतत एक परिचारिका हवी असेल तर प्रत्येकीला ५६ तास द्यावे लागतात, तेही तिघींपैकी कोणीही वर्षभर आजारी पडणार नाही, बाळंतपणाला जाणार नाही आणि एकही पद रिक्त राहणार नाही, असे धरून. १८९० च्या गिरणी कामगाराला मिळालेला रविवार या हिशेबात कोठेच बसत नाही.

यात नेमणुकीचा प्रकार मिसळा. कायम अधिपरिचारिका, बंधपत्रित, अभियानातील कंत्राटी: एकाच वॉर्डात तिघी, तिघींचे नाव एकाच परिषदेच्या वहीत, पगार आणि रजा निरनिराळ्या. खाजगी रुग्णालयांबाबत २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, ५० हून कमी खाटांच्या ठिकाणी किमान २०,००० रुपये आणि कामाचे तास व रजा राज्य सरकारप्रमाणे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. त्याचे विषय शिक्षण, दर्जा आणि राष्ट्रीय नोंदवही. दवनीवाड्याची परिचारिका आणि वैनगंगेपलीकडची तिची मैत्रीण यांची नावे, त्या गावांमध्ये सीमा आल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, पुन्हा एका वहीत यावीत अशी त्यात तरतूद आहे.

पाळीचे तास अजूनही ज्या त्या वॉर्डातील परिसेविकेच्या ड्युटी रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहिले जातात.