फळ्यावरची नावं

डार्विनहून अर्नहेम हायवेला लागलं की तासाभरात फॉग डॅम येतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथे पक्षी बघायला जातो. हम्प्टी डूच्या भातशेतीला पाणी मिळावं म्हणून १९५६ साली बांधलेलं हे धरण. अमेरिकी भांडवल आलं, मोठे आकडे बोलले गेले आणि काही वर्षांतच योजना गुंडाळली. खापर फुटलं ते भात खाणाऱ्या मॅगपाय गीजवर. पक्षी काही हिशेब मागायला येत नाहीत, त्यामुळे हे सोयीचं.

तिथे उभं राहिलं की मला हमखास यवतमाळकडची एक भिंत आठवते.

२९ फेब्रुवारी २००८ ला अर्थसंकल्पात केंद्राने कर्जमाफी जाहीर केली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ; त्याहून जास्त जमीन असेल तर पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट. (कोरडवाहू जिल्ह्यांत ही सूट किमान वीस हजारांची.) नियमात एक चांगली गोष्ट होती: ३० जूनपर्यंत प्रत्येक बँक शाखेने लाभार्थींची यादी, जमीन आणि रकमेसह, फळ्यावर लावायची. माहिती अधिकार कायदा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. त्याच्या कलम ४ मध्ये अनुदानाच्या योजना, त्यांच्या रकमा आणि लाभार्थींचे तपशील कोणी न मागता जाहीर करा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

माझ्या काकांची सात एकर कोरडवाहू. शेजाऱ्याची चार एकर, पण विहीर, मोटर, संत्र्याची बाग. काका फळ्यासमोरून आले आणि फोनवर एवढंच म्हणाले, “त्याचं नाव हाये अन् माहं नाही.”

यात फसवणूक कुठेच नव्हती, नियमच तसा होता. पण तो नियम किती वाकडा आहे हे गावाला कळलं ते यादीमुळे. विदर्भात पाऊस सोडून दुसरं पाणी नाही तिथे सात एकरवाला ‘मोठा’ कसा, हा प्रश्न दिल्लीच्या कागदावर दिसला नसता.

यादीत न दिसणारं २०१३ मध्ये ‘कॅग’च्या अहवालातून बाहेर आलं. लाभ दिलेली ८०,२९९ खाती तपासली, त्यांतली साडेआठ टक्के अपात्र निघाली. नाकारलेल्यांपैकी ९,३३४ खाती पाहिली, त्यांत १,२५७ पात्र होती. मला हा दुसरा आकडा जास्त टोचतो. ज्याला मिळालं त्याचं नाव भिंतीवर असतं. ज्याचं राहिलं त्याचं कुठेच नसतं.

इथे ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अखेरीपासून केंद्र सरकारची अनुदानं कोणाला मिळाली ते सरकारी संकेतस्थळावर दिसतं. अडचणीतल्या शेतकरी कुटुंबाला मिळणारा भत्ता मात्र तिथे नावानिशी येत नाही. मला हा फरक पटतो, पण गावी सांगायला गेलो तर काका हसतील. थकबाकीदार कोण हे तिथे आधीच सगळ्यांना ठाऊक असतं, मुलीच्या सोयरिकीतसुद्धा निघतं. लपलेली असते ती फक्त माफी.

डिसेंबर २०१९ ला राज्याने महात्मा फुलेंच्या नावाने नवी कर्जमुक्ती आणली. दोन लाखांपर्यंत, आणि एकरांची अट नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी निघाली, ६८ गावांची. पुढच्या एका यादीत आमचं गाव आलं. काकांनी फळ्याचा फोटो पाठवला. नावापुढे विशिष्ट क्रमांक, मग केंद्रावर जाऊन आधारचा अंगठा.

मी डार्विनमध्ये फोटो मोठा करून त्यांचं नाव शोधलं, सापडल्यावर लगेच फोन केला. ते म्हणाले, आपलं नंतर पाहिलं, आधी संत्रावाल्याचं पाहिलं.